विक्का किती जुना? कबुलीजबाब, गार्डनरची वही आणि ओल्ड डोरोथी

प्रश्न असा आहे: विक्का, म्हणजे आधुनिक पेगन (ख्रिस्तीपूर्व देवदेवतांना आणि निसर्गाला मानणारा) जादूधर्म, हा ख्रिस्ती धर्म येण्याआधीपासून युरोपात लपूनछपून चालत आलेला मूळ धर्म आहे, की १९५० च्या आसपास जेराल्ड गार्डनर नावाच्या निवृत्त इंग्रज कस्टम्स अधिकाऱ्याने तो रचला? आणि दुसरे खरे असेल, तर त्याला थोतांड म्हणायचे का?

थेट उत्तर आधी देते. अखंड परंपरेचा दावा पुराव्यावर टिकत नाही. धर्म म्हणून विक्का घडला तो विसाव्या शतकात, दक्षिण इंग्लंडमध्ये. त्यात वापरलेली सामग्री निरनिराळ्या काळातली आहे. काही शे-दीडशे वर्षांपूर्वीची, काही सतराव्या-अठराव्या शतकातली, आणि अगदी थोडी त्याहून जुनी. थोतांड हा शब्द मी वापरणार नाही, त्याचे कारण पुढे येईलच. पण मी हा विषय बरीच वर्षे शिकवते आहे आणि एका गोष्टीबाबत मला अजिबात तडजोड करावीशी वाटत नाही: चेटकीण ठरवून मारलेल्या माणसांना या धर्माचे हुतात्मे म्हणणे. या वादात नेमके हेच दुर्लक्षित राहते, म्हणून उत्तराचा मोठा भाग त्यावर आहे.

बहुतेक जण सुरुवात गार्डनरपासून करतात. त्याच्या आधी मार्गारेट मरे येतात. मरेबाईंचा जन्म १८६३ चा, कोलकात्याचा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्या इजिप्तविद्या शिकवत. पहिल्या महायुद्धामुळे इजिप्तमधले उत्खनन थांबले आणि त्या चेटकिणींच्या खटल्यांकडे वळल्या. १९२१ मध्ये ऑक्सफर्डने त्यांचे पुस्तक छापले. त्यातला सिद्धांत असा: ज्यांना चेटकीण म्हणून पकडले ते लोक एका संघटित, प्राचीन सुफलता-धर्माचे अनुयायी होते. त्यांचा देव शिंगे असलेला. ते तेरा-तेरा जणांच्या गटांत, म्हणजे कव्हनमध्ये, भेटत. आणि कागदपत्रांत ज्याला सैतान म्हटले आहे तो कातडे पांघरलेला, मुखवटा लावलेला हाडामासाचा पुरोहित होता.

ही कल्पना सर्वस्वी मरेबाईंची नव्हती. जर्मनीत यार्क यांनी १८२८ मध्ये आणि मोने यांनी १८३९ मध्ये असेच काहीसे मांडले होते, त्यामागे चर्चची बाजू सावरण्याचा हेतू होता: चेटकिणींचा पंथ खराच होता, तेव्हा चर्चने काही निरपराधांना मारले नाही. फ्रान्समध्ये मिशले यांनी १८६२ मध्ये तीच कल्पना उलटी फिरवली आणि चेटकिणीला पिचलेल्या शेतकऱ्यांची बंडखोर पुजारीण केले. राजकारण दोन्हीकडचे वेगळे, गृहीतक एकच. मरेबाईंनी त्याला विद्यापीठीय वजन दिले. शिवाय १९२९ मध्ये एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकातली चेटूकविद्येवरची नोंद त्यांनीच लिहिली आणि आपला सिद्धांत सर्वमान्य असल्यासारखा त्यात मांडला. ती नोंद १९६० च्या दशकापर्यंत छापली जात होती. दोन पिढ्यांना हे सत्य कसे वाटले, याचे उत्तर इथे आहे.

आता त्यांनी पुरावा कसा हाताळला ते जवळून बघू. सॉमरसेटमध्ये १६६४-६५ च्या हिवाळ्यात रॉबर्ट हंट या न्यायाधीशासमोर एलिझाबेथ स्टाइल या बाईने जबाब दिला. त्यातला एक भाग मरेबाईंना हवा तसा आहे. रात्री मंडळी जमतात, काळ्या कपड्यांतला माणूस वरच्या बाजूला बसतो, दारू किंवा चांगली बिअर, केक, मांस असते, वाजतगाजत नाच होतो. वाचताना एखाद्या ग्रामोत्सवाचे वर्णन वाटते. पण मूळ जबाबात त्याच ओघात असेही आहे, की जाण्याआधी कपाळाला आणि मनगटांना आत्म्यांनी आणून दिलेले तेल लावायचे, काही शब्द उच्चारायचे, आणि हवेतून क्षणात तिथे पोहोचायचे. कधी देहासकट, कधी देह मागे ठेवून. इतिहासकार नॉर्मन कोन यांनी १९७५ मध्ये मूळ कागद आणि मरेबाईंची अवतरणे शेजारी शेजारी ठेवली, तेव्हा ही कात्री उघडी पडली. जिथे जिथे उडणे, रूप पालटणे, अशक्य कोटीतले काही येते, तिथे तिथे मजकूर गळलेला. ध चा मा केला असे मी म्हणणार नाही, पण उरलेला मजकूर वाचून वाचकाला जे वाटते ते मूळ जबाब वाचून कधीच वाटले नसते.

स्कॉटलंडमधल्या ऑल्डर्नची इझोबेल गौडी हे याहून प्रसिद्ध उदाहरण. १३ एप्रिल ते २७ मे १६६२ या काळात तिने चार कबुलीजबाब दिले. कव्हनमध्ये तेरा जण असतात, हा मरेबाईंचा आवडता आकडा प्रामुख्याने तिच्या तोंडचा. पण तीच इझोबेल सांगते, की आम्ही सशाचे रूप घेतो, गवताच्या काडीवर बसून उडतो, टेकडीखाली जाऊन परीलोकाच्या राणीकडे मांस खातो. तेरा हा आकडा खरा आणि ससा खोटा, हे ठरवायचे कशावरून? एकाच तोंडून, एकाच चौकशीत आलेल्या वाक्यांपैकी आपल्याला पटतील तेवढी उचलणे हे इतिहासलेखन होत नाही.

आणि इथे मुद्दा पद्धतीपुरता उरत नाही. मरेबाईंचा सिद्धांत मान्य केला, तर चौकशी करणारे मुळात बरोबर होते असे मान्य करावे लागते. गुप्त पंथ होता, रात्रीच्या सभा होत्या, सैतानाच्या आसनावर कोणीतरी बसत होते. फक्त त्यांनी त्याचा अर्थ चुकीचा लावला. म्हणजे छळ करून, झोपू न देऊन, ‘तिथे आणखी कोण होते?’ असे विचारून विचारून वदवून घेतलेल्या कबुल्या आपण खऱ्या मानतो. प्रत्यक्षात त्या सभेचे चित्र आधी विद्वानांच्या लॅटिन ग्रंथांत तयार झाले आणि तिथून प्रश्नांच्या रूपाने कोठडीत उतरले.

इतिहासकार कीथ थॉमस आणि अ‍ॅलन मॅकफार्लेन यांनी १९७०-७१ च्या सुमारास इंग्लंडमधल्या आरोपांचा मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्या मुळाशी निघाली गावातली भांडणे. कोणाचे लोणी निघेना, कोणाची गाय आटली, कोणाचे मूल आजारी पडून गेले, आणि दोन दिवस आधी दारात आलेल्या म्हातारीला हाकलून दिले होते. ही बहुसंख्य माणसे चर्चमध्ये जाणारी, येशूची प्रार्थना म्हणणारी साधी ख्रिस्ती माणसे होती. एलिझाबेथ स्टाइल दोषी ठरली आणि फासावर जाण्याआधीच तुरुंगात मेली. तिच्यावर जो आरोप खोटा होता, तोच आपण साडेतीनशे वर्षांनी तिचा गौरव म्हणून तिच्या गळ्यात घालतो, याचा मला खरोखर त्रास होतो.

आकड्यांचे थोडक्यात. नव्वद लाख चेटकिणी जाळल्या, हे वाक्य अजून फिरते. त्याचा उगम १७८४ मधला: गॉटफ्रीड फोइक्ट या जर्मन लेखकाने क्वेडलिनबुर्ग या एका गावातली प्रकरणे घेऊन साऱ्या युरोपला आणि कित्येक शतकांना गुणले आणि ९४,४२,९९४ असा आकडा काढला. आज अभ्यासक ४० ते ६० हजार मृत्युदंडांचा अंदाज देतात. त्यात चारातल्या साधारण तीन स्त्रिया, पण आइसलँडसारख्या ठिकाणी पुरुषच जास्त. इंग्लंडमध्ये चेटकासाठी जाळत नसत, फाशी देत. चाळीस हजार हा आकडा मला पुरेसा भयंकर वाटतो. तो फुगवायची गरज नाही.

मग जुन्या समजुतींचा काहीच धागा उरला नव्हता का? उरला होता, आणि या बाबतीत इटालियन इतिहासकार कार्लो गिन्झबुर्ग यांचे काम मला सर्वांत मोलाचे वाटते. इटलीच्या ईशान्येला फ्रिउली प्रांतात १५७५ पासून इन्क्विझिशनसमोर, म्हणजे चर्चच्या पाखंडविरोधी न्यायालयासमोर, काही शेतकरी आले. स्वतःला ते बेनांदांती म्हणवत, अर्थ ‘भले करायला निघालेले’. जन्मताना ज्यांच्या अंगावर वारेचा पडदा होता असे हे लोक. वर्षातून चार वेळा, ठरलेल्या उपवासांच्या दिवसांत, रात्री झोपेत त्यांचा आत्मा बाहेर पडतो आणि शेतांत चेटक्यांशी लढतो, असे ते सांगत. यांच्या हातात बडीशेपेच्या काड्या, चेटक्यांच्या हातात ज्वारीची ताटे. हे जिंकले तर त्या वर्षी पीक चांगले, हरले तर दुष्काळ. चौकशी करणारे पाद्री चक्रावले, कारण हे त्यांच्या कुठल्याच साच्यात बसत नव्हते. आम्ही ख्रिस्तासाठी लढतो, असे ते शेतकरी ठामपणे म्हणत. पुढच्या पन्नासेक वर्षांत पुन्हा पुन्हा त्याच धाटणीचे प्रश्न विचारून त्यांनाच पटवले गेले, की तुम्हीच चेटके आहात आणि तुम्हीच सैतानाच्या सभेला जाता. साचा माणसांवर कसा बसवला जातो, हे इतक्या स्पष्टपणे दुसरीकडे फारसे सापडत नाही.

विक्काच्या बाजूने बोलणारे गिन्झबुर्ग यांचा हवाला देतात, तो अर्धाच देतात. जुन्या, बहुधा ख्रिस्तपूर्व समजुती लोकमानसात तगून होत्या, हे त्यांनी दाखवले. पण बेनांदांतींची लढाई स्वप्नात होत असे. तिथे देऊळ नव्हते, दीक्षेची साखळी नव्हती, शिंगांच्या देवाची पूजा नव्हती. त्याच्याही फार आधी, दहाव्या शतकाच्या सुरुवातीला, चर्चच्या एका नियमपाठात तक्रार आहे, की काही बायका रात्री डायना देवीबरोबर प्राण्यांवर बसून फिरतो असे समजतात, आणि हा निव्वळ भ्रम आहे. समजूत जुनी होती, पण तेवढ्यावरून संघटित धर्म चालू होता असे होत नाही. आपल्याकडे अमावस्येला नारळ ओवाळून टाकणारा माणूस कुठल्या गुप्त पंथाचा सभासद नसतो, तसेच.

पेगन धर्म जिथे खरोखर जिवंत होता तिथे त्याचा गाजावाजा कागदोपत्री दिसतो. लिथुआनियाने अधिकृतपणे ख्रिस्ती धर्म घेतला तो १३८७ मध्ये. तोपर्यंत तिथल्या पवित्र राया, अग्नी, राजांची दहनं यांबद्दल शेजारचे इतिवृत्तकार सतत लिहितात. इंग्लंडमध्ये अकराव्या शतकात क्नूट राजाच्या कायद्यात मूर्तिपूजेला बंदी आहे, म्हणजे तोवर काही शिल्लक होते. त्यानंतर अशा पूजेचा माग लागत नाही. आणि चर्चची न्यायालये त्या काळात रविवारी चर्चला न येणाऱ्याचीसुद्धा नोंद ठेवत होती.

राहिले ‘कनिंग फोक’. आपल्या खेड्यांतल्या देवऋषीसारखे हे लोक: हरवलेली वस्तू शोधून देणारे, चेटूक उतरवणारे, औषधपाणी करणारे. ते इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत भरपूर होते. पण त्यांच्या ताइतांत बायबलमधली स्तोत्रे असत, आणि त्यांचा धंदाच चेटकिणी ओळखून देण्याचा. आरोप करणाऱ्याला नाव सुचवणारे तेच. त्यांना चेटकिणींच्या धर्माचे वारस म्हणणे म्हणजे शेंडी तुटो की पारंबी, वारसा सिद्ध झालाच पाहिजे, असा हट्ट आहे.

आता गार्डनर. जन्म १८८४, लँकशायरमधल्या सधन घरात. दम्यामुळे शाळा जवळजवळ नाही. तरुणपण सिलोनमध्ये चहाच्या मळ्यांवर, मग बोर्निओ आणि मलायात रबराच्या, शेवटी कस्टम्स खात्यात. कोलंबोत तो मेसन, म्हणजे दीक्षाविधी असलेल्या एका बंधुसंघटनेचा सभासद, झाला. मलायी क्रीस खंजिरावरचे त्याचे १९३६ चे पुस्तक अभ्यासू लोक अजून उघडतात. निवृत्त होऊन इंग्लंडला परतल्यावर तो न्यू फॉरेस्टजवळ हायक्लिफला राहायला गेला आणि शेजारच्या क्राइस्टचर्चमध्ये रोझिक्रूशियन, म्हणजे गूढविद्येला मानणाऱ्या, मंडळींच्या नाट्यगृहात रमला. ते नाट्यगृह १९३८ मध्ये उघडले होते. त्याच्या सांगण्यानुसार त्या मंडळींतल्याच काही जणांनी सप्टेंबर १९३९ मध्ये, ‘ओल्ड डोरोथी’ नावाच्या श्रीमंत बाईच्या घरात, त्याला जुन्या चेटकिणींच्या कव्हनची दीक्षा दिली.

१९४९ मध्ये त्याने कादंबरीच्या आडून काही विधी छापले. १९५१ मध्ये १७३५ चा चेटूकविषयक कायदा रद्द झाला. १९५४ मध्ये त्याने उघडपणे पुस्तक काढले, आणि प्रस्तावना कोणाची, तर मार्गारेट मरे यांची. तिथे वर्तुळ पूर्ण झाले. मरेबाई बरोबर होत्या याचा पुरावा गार्डनरचे कव्हन, आणि गार्डनरचे कव्हन प्राचीन असल्याचा पुरावा मरेबाईंचा सिद्धांत.

गार्डनरची हस्तलिखित वही नंतर संशोधकांच्या हाती लागली. ती वाचताना उसनवारी लपत नाही. वर्तुळ आखणे, खंजीर, त्याची नावे आणि चिन्हे ‘की ऑफ सॉलोमन’ या जादूग्रंथातून, तीही मॅकग्रेगर मॅदर्स यांच्या १८८९ च्या इंग्रजी आवृत्तीतून. दीक्षेच्या तीन पायऱ्या, डोळ्यांवर पट्टी, दोरी, छातीवर टेकवलेले टोक हे सारे मेसनांकडून. चार दिशांच्या रक्षकांना बोलावणे गोल्डन डॉनकडून, जी जादूविद्येची संस्था लंडनला १८८८ मध्ये सुरू झाली. देवीच्या तोंडचे काही शब्द १८९९ मध्ये चार्ल्स लेलँड यांनी इटलीतून आणलेल्या ‘अरादिया’ या चेटकिणींवरच्या पुस्तकातून. आणि पानेच्या पाने अ‍ॅलिस्टर क्रोली या नावाजलेल्या इंग्रज जादूविद्या-उपासकाची. क्रोलीला गार्डनर मे १९४७ मध्ये हेस्टिंग्जला जाऊन भेटला होता.

हे सगळ्यांत आधी ओळखले ते कुणा टीकाकाराने नव्हे. १९५३ मध्ये गार्डनरकडून दीक्षा घेतलेल्या डोरीन व्हॅलिएंटे यांनी ते ओळखले आणि तसे गार्डनरला तोंडावर सांगितले. त्याचे उत्तर असे, की मला मिळालेले विधी तुटक होते, मोकळ्या जागा भरणे भाग होते. तुला जमत असेल तर तू चांगले करून दाखव. त्यांनी ते मनावर घेतले. क्रोलीचा बराच भाग काढून टाकला आणि देवीचे आवाहन नव्याने लिहिले. आज जगभरचे विक्काचे अनुयायी जे गद्य डोळे मिटून म्हणतात, ते या बाईंच्या लेखणीतले आहे. मला ते इंग्रजीतल्या विसाव्या शतकातल्या उत्तम धार्मिक गद्यांपैकी एक वाटते. लेखकाचे नाव आणि दशक माहीत असल्याने त्याची प्रत कमी होत नाही.

व्हॅलिएंटे यांनी आणखी एक काम केले. १९८० मध्ये एका अमेरिकन इतिहासकाराने लिहिले, की ओल्ड डोरोथी नावाची बाई होती याचाच पुरावा नाही. त्यावर त्या नोंदणी कार्यालयांत जाऊन बसल्या आणि डोरोथी क्लटरबक यांचे कागद शोधून काढले. जन्म १८८० चा, भारतात. वडील इथल्या लष्करात अधिकारी. अंबाल्याच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा. मृत्यू १९५१ मध्ये. बाई खरी होती, श्रीमंत होती, हायक्लिफलाच राहत होती. पण ती चेटकीण होती का? तिच्या १९४२-४३ च्या रोजनिशा उपलब्ध आहेत, त्यांत फुले, पक्षी, ऋतू, रंगीत चित्रे आणि कविता. इतिहासकार रोनल्ड हटन यांना त्यांत चर्चला जाणारी, काँझर्व्हेटिव्ह पक्षाचे काम करणारी गावातली प्रतिष्ठित बाई दिसते. गार्डनरचे चरित्रकार फिलिप हेसेल्टन यांना त्याच पानांत निसर्गभक्ती दिसते आणि ख्रिस्ती उल्लेखांचा अभाव डोळ्यांत भरतो. मला इथे हटन यांचे पटते. फुलांवर कविता करणे हा त्या वर्गातल्या इंग्रज बाईंचा नित्याचा छंद होता, त्यावरून दीक्षा सिद्ध होत नाही.

हटन यांच्या १९९९ च्या ग्रंथाने अखंड परंपरेचा दावा विद्यापीठांत संपवला. त्यावर खुद्द विक्कामधूनच टीका झाली. न्यूझीलंडचे बेन व्हिटमोर यांनी २०१० मध्ये हटन यांच्या काही विधानांचे स्रोत तपासून आक्षेप घेतले, त्यातले काही रास्त आहेत. पण आक्षेप तपशिलांवरचे आहेत. चौदाव्या, सोळाव्या किंवा अठराव्या शतकातले एखादे कव्हन त्यातून उभे राहत नाही.

आता थोतांडाचा प्रश्न. गार्डनरने वय वाढवून सांगितले, हे उघड आहे. पण त्याने धर्मही खोटा दिला का? विक्कामधला एकच भाग घ्या, आठ सणांचे चक्र. गार्डनरच्या मंडळींत आधी चार मोठे सण होते. १९५८ च्या सुमारास ब्रिकेट वुडच्या, म्हणजे गार्डनरच्याच, कव्हनने विचारणा केली आणि अयनदिन-विषुवदिनांनाही तोच मान मिळाला. शरदातल्या विषुवदिनाला ‘मेबन’ हे नाव अमेरिकेत १९७० च्या दशकात चिकटले. म्हणजे प्राचीन केल्टिक म्हणून विकले जाणारे हे पंचांग आपल्यातल्या कित्येक वाचकांच्या आईवडिलांच्या हयातीत पुरे झाले. ते पाळणाऱ्यांची ऋतूंवरची श्रद्धा मात्र उसनी नाही. इंग्लंड-वेल्सच्या २०२१ च्या जनगणनेत सुमारे ७४ हजार लोकांनी धर्म पेगन आणि १३ हजारांनी विक्का लिहिला. कोणत्याही धर्माला पहिली पिढी असतेच. या धर्माची पहिली पिढी आपल्या डोळ्यांसमोर घडली आणि तिची वहीही हाती आहे, हे माझ्यासारखीला भाग्य वाटते.

तुम्हाला कोणी सांगितले, की आमच्या घरात आजीपासून चालत आले आहे, तर आजीवर संशय घेऊ नका. विधी काय आहेत ते विचारा. वर्तुळ, चार दिशा, तीन दीक्षा, आठ सण आणि काळ्या मुठीचा खंजीर एवढे सगळे एकत्र असेल, तर तो गार्डनरच्या पुस्तकांनंतरचा ठेवा आहे, आजी कितीही म्हातारी असो. त्याऐवजी भाजल्यावर म्हणायचा मंत्र, दुधावरची दृष्ट काढणे, एखादे स्तोत्र असे सुटे काही निघाले, तर ते खरेच जुने असू शकते, आणि बहुधा ख्रिस्ती असेल.

खरा उघडा प्रश्न आता एकच उरला आहे. १९३९ मध्ये गार्डनरला कोणीतरी दीक्षा दिली का? मला वाटते, दिली. क्राइस्टचर्चच्या त्या नाट्यगृहाभोवतीच्या काही लोकांनी मरेबाईंचे पुस्तक वाचून, आपणच ते चेटकी लोक असे मानून छोटा गट उभारला असावा, आणि गार्डनरला तो प्राचीन वाटला असावा. त्या गटातली महत्त्वाची व्यक्ती डोरोथी नसून एडिथ वुडफर्ड-ग्राइम्स असावी, वक्तृत्व शिकवणारी शिक्षिका, जिला गार्डनर ‘डॅफो’ म्हणे. तिने या विषयावर उघड बोलणे टाळले आणि १९७५ मध्ये ती गेली. गट गार्डनरच्या आधी किती वर्षे होता, यावर हेसेल्टन आणि हटन यांच्या वाचकांत अजून वाद होतो. तो वाद दहा-वीस वर्षांच्या फरकाचा आहे, हजारो वर्षांचा नाही.